अज्ञान प्राण्याची नोंद

पहाटे साडेपाच. चहाचं आधण ठेवते आणि उकळी फुटेपर्यंत रात्रभरातले ‘अलीकडील बदल’ नजरेखालून घालते. एकतीस वर्षं एका दैनिकाच्या संदर्भ विभागात कात्रणं कापली, डकवली, फायलींना लावली. निवृत्त झाल्यावर तोच हात एका मुक्त मराठी ज्ञानकोशाकडे वळला. इथे पगार नाही, पण काम रोजचं आहे आणि मी ते नोकरीसारखंच करते. नवी पानं वाचायची, संदर्भ पडताळायचे, ठेवण्याजोगं ठेवायचं.

काल रात्री पावणेबाराला एक नवं पान आलंय. मथळा, अमुक गावचा ‘गूढ प्राणी’. गावाचं नाव इथे लिहीत नाही, त्या गावाला आधीच पुरेसा ताप झालाय. वऱ्हाडातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं, कापूस-तुरीचं गाव एवढं पुरे. पान लिहिणारा सदस्य नवा आहे, त्याचं हे पहिलंच पान.

अशा पानावर ‘पानकाढा’ साचा लावायला दहा सेकंद लागतात. आमच्यातले काही जण लावतातही, आणि नियमात पाहिलं तर त्यांचं चुकत नाही. मी मात्र लावण्याआधी पूर्ण वाचते. पहिलं पान वाचल्याशिवाय उडवलं की तो माणूस पुन्हा येत नाही, आणि मराठीत लिहिणारी माणसं आधीच थोडी आहेत.

सकाळी साडेसहा. दोनदा वाचून झालं. शेळ्या चार, वासरू एक. पाच-सहा जणांनी पाहिलेलं, सगळ्यांनी अंधारात. पुढून उंच, मागून बसकं. मानेपासून पाठीवर ताठ केस. चालताना मागचे पाय ओढल्यासारखे. एकाला ते वाघापेक्षा मोठं वाटलं, दुसऱ्याला मोठ्या कुत्र्याएवढं. आवाजाबद्दल कुणी काही सांगितलेलं नाही. शेवटच्या परिच्छेदात ‘हा प्राणी विज्ञानाला अज्ञात असण्याची शक्यता नाकारता येत नाही’ असं वाक्य आहे. मजकुराचा आवाज तिथे एकदम बदलतो. वरचे सात परिच्छेद गावातल्या मुलाने लिहिलेत, हे वाक्य त्याने कुठून तरी उचललंय.

फोटो दोन. पहिल्यात ओल्या मातीतला ठसा, शेजारी मापासाठी निळ्या पट्ट्याची स्लीपर ठेवलेली. स्लीपर कितव्या नंबरची ते लिहिलेलं नाही, पण मापासाठी काहीतरी ठेवायचं एवढं त्याला सुचलं, याचं मला कौतुक वाटलं. फोटो मोठा करून पाहिला. चार बोटं, आणि बोटांच्या पुढे चार बारीक टिंबं. ती नखं. वाघ-बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतात, त्यांच्या ठशात ती सहसा उमटत नाहीत. कुत्रा, लांडगा, तरस यांची उमटतात. दुसऱ्या फोटोतला ठसा लांबट, चांगला दीड पावलाएवढा, आणि गाव घाबरलं ते याला. पण त्याच्या मधोमध मातीची एक बारीक वरंबी आहे. पुढच्या पायाच्या ठशावर मागचा पाय अर्धवट पडला की दोन ठसे मिळून एक राक्षसी पाऊल तयार होतं, आणि अशी वरंबी राहते. बर्फात तर उन्हाने कडा वितळून ठसा आणखी पसरतो. २९ एप्रिल २०१९ ला भारतीय लष्कराने मकालू तळाजवळच्या ३२ इंच लांब आणि १५ इंच रुंद पावलांचे फोटो यतीच्या नावाने प्रसिद्ध केले होते, तेव्हाही पहिला प्रश्न हाच निघाला होता.

तर माझ्या मनात उत्तर तयार आहे: तरस. पुढचे पाय लांब, मागचे आखूड, मानेवर आयाळ, पट्टे अंधारात दिसणारच नाहीत. मेलेली जनावरं खातं, हाडं फोडतं, पण शेळी-वासरू सापडलं तर तेही उचलतं.

आणि इथेच हात आवरावा लागतो. माझ्या मनातलं तरस ज्ञानकोशाच्या काही उपयोगाचं नाही. ‘हा प्राणी तरस असावा’ असं मी पुण्यात बसून त्या पानावर लिहिलं, तर ते त्या मुलाच्या ‘विज्ञानाला अज्ञात’ इतकंच निराधार. त्यानेही पाहिलेलं नाही, मीही नाही. आमच्याकडे याला ‘स्वतःचं संशोधन’ म्हणतात आणि त्याची कुणालाच मुभा नाही, बरोबर असलं तरी नाही. नव्या माणसाला हा नियम समजावणं फार जड जातं. खरं तर जुन्यांनाही तो रोज नव्याने पाळावा लागतो.

सकाळी नऊ. आंघोळ, पूजा, भाजी निवडून झाली. आता संदर्भ.

पानाखाली तीन बातम्यांचे दुवे आहेत, तीन वेगवेगळ्या दैनिकांचे. आमची ‘उल्लेखनीयते’ची कसोटी अशी, की विषयाशी संबंध नसलेल्या, विश्वासार्ह, एकमेकांपासून स्वतंत्र अशा स्रोतांनी त्याची सविस्तर दखल घेतलेली हवी. पोराने ती वाचलेली दिसते. तीन बातम्या म्हणजे तीन स्रोत, असा त्याचा हिशोब.

तिन्ही उघडून शेजारी-शेजारी ठेवल्या. तारखा लागोपाठच्या. पहिलीत ‘परिसरात अज्ञान प्राण्याचा धुमाकूळ’. दुसरीत मथळा वेगळा, पण पहिल्याच ओळीत ‘अज्ञान प्राण्याने’. तिसरीत चौथ्या ओळीत ‘सदर अज्ञान प्राणी’. अज्ञात लिहायचं होतं, घाईत त-चा न झाला, आणि तो न तिन्ही वर्तमानपत्रांतून जसाच्या तसा छापला गेला. तीन माणसं गावात जाऊन तीन बातम्या लिहितात तेव्हा तिघांच्या हातून एकच अक्षर चुकत नाही. एकाने लिहिलं, ते मोबाइलवरून फिरलं, बाकीच्यांनी मथळा बदलून लावलं.

तरी खातरजमा करायला नागपूरच्या जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. ते दुवे उघडेपर्यंत मी फोन धरून होते. “ताई, मजकूर एकाच हातचा आहे,” ते म्हणाले. “शेवटचा परिच्छेदही बघा, ‘नागरिकांत भीतीचे वातावरण असून वनविभागाने बंदोबस्त करावा अशी मागणी होत आहे’. मागणी केली कुणी ते तिघांकडेही नाही.” तालुक्याच्या वार्ताहराला मी दोष देत नाही. दिवसाला सात-आठ बातम्या पाठवून त्याला मिळतं काय, ते मी जवळून पाहिलंय. पण ज्ञानकोशाच्या हिशोबात ते तीन स्रोत उरत नाहीत, एकच उरतो. आणि त्यात वनरक्षक नाही, पशुवैद्यक नाही, तारखेपुढे वेळही नाही.

अकरा. कुणी विचारेल, राहिलं एक पान तर बिघडलं कुठे? कागद थोडाच लागतो?

बिघडतं, कारण ज्ञानकोशात आलेलं नाव तिथेच थांबत नाही. २००८ साली अमेरिकेतल्या एका सतरा वर्षांच्या मुलाने कोआटी या दक्षिण अमेरिकेतल्या प्राण्याच्या इंग्रजी विकिपीडियावरच्या पानात एक शब्दप्रयोग घातला: ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ असंही म्हणतात. आर्डवार्क आफ्रिकेतला, त्याचा कोआटीशी काडीचा संबंध नाही. मुलाने गंमत केली होती. ती सहा वर्षं राहिली. दरम्यान वर्तमानपत्रांनी ते नाव वापरलं, विद्यापीठाच्या छापखान्यातून निघालेल्या पुस्तकात ते गेलं, आणि मग त्या छापील मजकुराचाच आधार देऊन ते नाव पानावर पक्कं झालं. २०१४ मध्ये ‘न्यू यॉर्कर’ने हा प्रकार उघड केला, तोवर लोक खरोखरच तसं म्हणू लागले होते.

आमच्या वऱ्हाडातल्या जनावराचंही हेच होईल. आज मी पान ठेवलं, तर पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या तालुक्यात शेळी मेली की बातमीत येणार, ‘ज्ञानकोशातही नोंद असलेला गूढ प्राणी’. मग ती बातमी आमच्याकडे चौथा संदर्भ म्हणून येणार. या वर्तुळात जनावर कुठेच नसतं.

दुपारी दीड. जेवून आडवी झाले, पण डोळा लागला नाही. असं पान आलं की मला रानपिंगळा आठवतो, कारण ‘स्रोत नाही’ म्हणताना हात जरा कापला पाहिजे, हे मला त्या पक्ष्याने शिकवलं.

रानपिंगळा म्हणजे वीतभर उंचीचं, आपल्या नेहमीच्या पिंगळ्यासारखंच, पण डोक्यावर ठिपके जवळजवळ नसलेलं घुबड. १८७३ मध्ये पक्षितज्ज्ञ ह्यूमने त्याचं वर्णन केलं. खानदेशात जेम्स डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने १८८०च्या दशकात काही नमुने गोळा केले, आणि १८८४ नंतर खात्रीची नोंद नाही. बरं, एक होती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश कर्नलने १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला तो मिळाल्याचं सांगितलं होतं. नमुना होता, चिठ्ठी होती, तारीख होती, वर कर्नलसाहेबांची पक्षितज्ज्ञ म्हणून ख्याती. कुठल्याही ज्ञानकोशाने हा स्रोत डोळे मिटून घेतला असता.

तो खोटा निघाला. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि तिच्या सहकाऱ्यांनी माइनर्ट्झहागेनचे संग्रह तपासले. डेव्हिडसनचाच एक नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावून ठेवलेला होता. त्या चिठ्ठीमुळे पक्ष्याचा शोध किती तरी वर्षं भलत्या ठिकाणी चालू होता. खोटी नोंद काढून टाकल्यावर डेव्हिडसनच्या खऱ्या जागा उरल्या. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट तिथे पोहोचले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, रानपिंगळा समोर फांदीवर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. ती बातमी मी कापून ‘पक्षी’ फायलीला लावली, तेव्हा हे सगळं ठाऊक नव्हतं. पुढे एकेक कात्रण येत गेलं तेव्हा कळलं, की पक्षी सापडला तो एक नोंद खोडल्यामुळे.

दुसरी गोष्ट जेर्डनचा धाविक या पक्ष्याची. तो १९०० नंतर कुणा अभ्यासकाला दिसला नव्हता, नामशेष झाला असंच धरलं होतं. १९८६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या भरत भूषण यांच्या शोधात तो आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यात सापडला. पाखरं धरणाऱ्या तिथल्या माणसांना तो ओळखीचा होता. त्यांच्या बोलीत त्याला नाव होतं, कलिवी कोडी. झुडपी रानात रात्री विजेरी घेऊन कसं हिंडायचं तेही त्यांना माहीत होतं. शहाण्यांची यादी त्याला मेला म्हणत होती तेव्हा त्या माणसांच्या तोंडी त्याचं नाव रोजचं होतं.

म्हणून गावातल्या माणसाने ‘पाहिलं’ म्हटलं की मी ते वाऱ्यावर सोडत नाही. मी विचारते, याला तुमच्याकडे म्हणतात काय?

साडेतीन. मधल्या वेळात दोन जुनी पानं हातावेगळी केली. दिल्लीच्या ‘मंकी मॅन’च्या पानावर कुणीतरी ‘अफवा, काढून टाका’ असा शेरा मारला होता. शेरा उतरवला. मे २००१ मध्ये पूर्व दिल्लीत उकाडा, विजेचा लपंडाव, गच्चीवर झोपलेली माणसं आणि माकडासारख्या हल्लेखोराची भीती यांनी शहर हादरलं. घाबरून पळताना गच्चीवरून पडून माणसं मेली, पोलिसांनी पथकं नेमली, डॉक्टरांनी जखमींच्या जखमा तपासून लेख लिहिले. असा प्राणी नव्हताच, असा निष्कर्ष निघाला, आणि तो निष्कर्ष काढण्याइतका अभ्यास झाला म्हणूनच पानाला जागा आहे. पान घटनेचं आहे, माकडाचं नव्हे, एवढं पहिल्या वाक्यात नीट केलं.

यतीच्या पानाला काही अडचण नाही. शंभर वर्षांचं लेखन आहे, २०१७ चा डीएनए अभ्यास आहे, ज्यात यतीचे म्हणून जपलेले नऊ अवशेष तपासले तेव्हा आठ अस्वलांचे आणि एक कुत्र्याचा निघाला. फक्त तो आकडा कुणीतरी उलटा लिहिला होता. दुरुस्त केला.

पाच वाजता त्या मुलाचा फोन आला. सकाळी मी त्याच्या चर्चापानावर चार ओळी लिहून ‘बोलायचं असेल तर बोलू’ असं कळवलं होतं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, अमरावतीला खोलीवर राहतो, सुटीला गावी आलाय.

“ताई, म्हणजे आमचं गाव खोटं बोलते काय?” हे पहिलं वाक्य. आवाजात राग होता, आणि रागाखाली दुखावलेपण. मी म्हटलं, नाही रे. तुमच्या गावाने काहीतरी पाहिलंय यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण ज्ञानकोशात पान येतं ते दुसऱ्या कुणीतरी जाऊन, पाहून, तपासून लिहिल्यावर. तपासायला अजून कुणी आलेलंच नाही. मग त्याला ‘अज्ञान’ दाखवलं. तो बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाला, “ताई, मी तर तिन्ही बातम्या वाचल्या होत्या. दिसलंच नाही.”

शेळ्यांचं विचारलं. कुणाच्या? एका विधवा बाईच्या तीन, शेजाऱ्याची एक. पंचनामा झाला? नाही. का नाही? “गूढ प्राणी आहे ना ताई, लोक म्हणे वनविभाग काय करणार.”

हे ऐकून मी खुर्चीत सरळ बसले. वन्यप्राण्याने गुरंढोरं मारली तर सरकारकडून भरपाई मिळते, पण ती ठरावीक प्राण्यांनी मारलं तर, आणि पंचनाम्यात तसं आलं तर. त्यासाठी लवकर कळवावं लागतं, मेलेलं जनावर जागचं हलवायचं नसतं, वनखात्याची माणसं आणि पशुवैद्यक येऊन दातांच्या खुणा बघतात, ठसे बघतात. बिबट्याचा, लांडग्याचा, तरसाचा पंचनामा होतो. गूढ प्राण्याचा होत नाही. म्हणजे बातमीतल्या त्या एका शब्दाने तीन शेळ्यांची भरपाई त्या बाईच्या हातून गेली, आणि मी ते पान ठेवलं असतं तर पाचवी शेळी मेल्यावरही तिला लोकांनी हेच सांगितलं असतं. आता गेलेल्या शेळ्यांचं काही होणं अवघड आहे, पण पुढच्या वेळी तासाभरात वनरक्षकाला फोन करायचा, ठशाशेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचा, तारीख-वेळ वहीत लिहायची, हे मी त्याच्याकडून लिहून घेतलं. काठ्या घेऊन रात्री रानात जायचं नाही, हेही. घाबरलेल्या गर्दीसमोर सापडलेलं जनावर कुठलंही असो, ते जिवंत सुटत नाही.

मग माझा नेहमीचा प्रश्न. गावात त्याला म्हणतात काय?

“काही नाही. गूढ प्राणीच म्हणतात. व्हॉट्सअॅपवर तसंच आलं.”

म्हाताऱ्या माणसांना विचारलंस?

तो जरा चाचरला. “आजीला विचारलं होतं. तिने पाहिलं नाही, तिला रात्रीचं दिसत नाही. मी सांगितलं कसं दिसते ते, तर म्हणे, तडस व्हय ते. आधी लय यायचे म्हणे नाल्यात. मी लिहिलं नाही. म्हटलं, तिला काय माहीत.”

तडस. विदर्भात तरसाला तडस म्हणतात. तिकडच्या दैनिकांच्या कात्रणांत हा शब्द मी कितीदा वाचला होता, आणि सकाळपासून माझ्याही मनात तो आला नव्हता. पूर्ण गावात एका बाईने जनावराला नाव दिलं होतं, आणि नातवाने ते गाळून पान लिहिलं होतं. मी त्याला एवढंच म्हटलं, आजीला बसवून विचार, आधी कधी यायचे, कुठल्या नाल्यात, केव्हापासून दिसेनासे झाले, तेव्हा लोक काय करत. तिच्या शब्दांत लिहून ठेव. आत्ता ते ज्ञानकोशात येणार नाही, पण उद्या कुणी तरसांचा अभ्यास करायला तुमच्या भागात आला तर त्याने पहिली तुझी वही मागावी.

“आजीचा फोटो लावू काय वहीत?” त्याने विचारलं. लाव म्हटलं.

रात्री साडेनऊ. निर्णय चर्चापानावर लिहिला, सहा ओळी. स्वतंत्र पान ठेवण्याइतके स्वतंत्र स्रोत नाहीत, तिन्ही बातम्यांचा उगम एक, प्राण्याची ओळख कुणीही तपासलेली नाही. मजकूर पुसलेला नाही, सदस्याच्या धूळपाटीवर, म्हणजे कच्च्या लिखाणाच्या पानावर, हलवला आहे. वनखात्याचा अहवाल किंवा अभ्यासकाचं लेखन आलं तर पुन्हा विचार व्हावा. ‘अफवा’ हा शब्द दोनदा लिहिला होता, दोन्हीदा खोडला. अफवा आहे हेही कुणी तपासलेलं नाही.

झोपण्याआधी ज्ञानकोशात ‘तडस’ असं शोधून पाहिलं. त्या नावाने काही सापडत नव्हतं. विदर्भातल्या एखाद्या पोराने आजीकडून ऐकलेला शब्द इथे टाइप केला असता तर त्याला रिकामी पाटी दिसली असती. नवं पान उघडलं, त्यात एकच ओळ घातली, तरस या लेखाकडे पुनर्निर्देशन, आणि जतन केलं. मग ‘तडस’ पुन्हा टाइप केलं. पट्टेरी, ताठ आयाळीचं, मागून बसकं जनावर समोर आलं.